कार्यानुभवाचा तास आणि चांदीची तार

कार्यानुभवाच्या तासाला आपण अजून कागदी फुलंच करतो. मला वाटतं, पाचवीच्या मुलांना तारेचे टॉप्स करू द्यावेत. चांदीची तार वाकवता वाकवता कडक होते, तापवली की पुन्हा नरम पडते. हे वाचून नाही, बोटांनाच कळतं. (तापवणं मात्र शिक्षकांनीच!) तार ०.८ मिमी, दांडी साधारण १ सेंमी, टोक कानशीने घासून गुळगुळीत. टोक खरखरीत राहिलं तर कान कुणाचा दुखणार? आईचा. मग मोजमाप आपोआप नीट होतं. सरावाला तांब्याची तार घ्या, पण ती कानात नको.

पालक विचारतात, "पोरांना सोनारकाम कशाला, सर?" माझ्या वर्गातला एक मुलगा वाचनात मागे आहे. त्याचे वडील हुपरीत चांदीकाम करतात. त्या दिवशी पक्कड धरायला तोच सगळ्यांना शिकवत होता. मलासुद्धा.