पैसा शिबिराला, बाई वाऱ्यावर

मागच्या महिन्यात एका कंपनीच्या ट्रस्टचे दोन अधिकारी आमच्या कार्यालयात आले होते. कार्यालय म्हणजे बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, पिठाच्या गिरणीवरची एक खोली. खाली गिरणी सुरू झाली की वर मोठ्यानं बोलावं लागतं. ते म्हणाले, "आम्हाला वंचित भागातल्या बायकांच्या आरोग्यासाठी पैसे खर्च करायचे आहेत. काय करता येईल ते सांगा."

प्रश्न सरळ होता आणि माणसंही बरी होती. तरी आम्ही चौघीजणी एकमेकींच्या तोंडाकडे बघत राहिलो. कारण असाच एक प्रश्न तीन वर्षांपूर्वी दुसऱ्या एका ट्रस्टनं विचारला होता आणि आम्ही उत्साहानं उत्तर दिलं होतं. त्या उत्तराचं काय झालं, ते मैत्रिणींनो, आधी तुम्हाला सांगायला हवं.

आम्ही ऊसतोड बायकांसाठी आरोग्य शिबिरं घेतली. वर्षात बारा. मंडप, बॅनर, शहरातून आलेल्या डॉक्टरीण बाई, रक्त तपासणी, लोहाच्या गोळ्यांची पाकिटं. अहवालात एक रकाना होता, 'लाभार्थी संख्या'. तो भरत गेला. एका शिबिरात एक बाई आली, अठ्ठावीस-तीस वर्षांची. दोन लेकरं, मुलं बंद व्हायचं ऑपरेशन झालेलं, अंगावरून पांढरं जातंय, कंबर धरते. डॉक्टरीण बाईंनी चिठ्ठी दिली, 'पुढील तपासणीसाठी पाठवावे'. आमच्या अहवालात ती 'संदर्भित' झाली. रकाना भरला.

ती सरकारी दवाखान्यात गेली, तिथे स्त्रीरोगतज्ज्ञाची जागा रिकामी. मग खासगीत गेली. तिथे सोनोग्राफी करून सांगितलं, पिशवी खराब आहे, ठेवली तर कॅन्सर होईल. नवऱ्यानं मुकादमाकडून उचल वाढवून घेतली आणि पिशवी काढली. त्या हंगामात मी सांगली जिल्ह्यात फडावर गेले होते तेव्हा ती कोपीपुढे भेटली. अंगाची आग होते, झोप नाही, मोळी उचलताना डोळ्यापुढे अंधारी येते. उचल फेडायला अजून एक हंगाम जाणार. तिच्या बोलण्यात राग नव्हता. एवढंच म्हणाली, "ताई, तुमच्याच शिबिरात सांगितलं होतं ना, पुढं दाखवा म्हणून."

आमच्या अंदाजपत्रकात बॅनरला पैसे होते, फोटोला होते. तिच्याबरोबर कुणीतरी जिल्ह्याच्या दवाखान्यापर्यंत जावं, दोघींचं एसटीचं भाडं आणि तिची बुडालेली मजुरी भरून द्यावी, नवरा-बायको दोघांना औषधाचा पूर्ण कोर्स मिळावा, यासाठी एक ओळही नव्हती. आम्ही ती मागितलीच नव्हती. दोष फक्त ट्रस्टवर ढकलून मोकळं होता येत नाही.

बीडच्या पिशव्यांचा प्रश्न आता सगळ्यांना माहीत आहे. 2019 साली राज्य सरकारनं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. 82,309 ऊसतोड बायकांची पाहणी झाली, त्यात 13,861 जणींची पिशवी काढलेली आढळली. म्हणजे दर सहा बायकांमागे एक. त्यावेळी वर्तमानपत्रांतून खूप आलं, नंतर थांबलं. ज्या कारणांनी पिशव्या निघतात ती कारणं मात्र फडावर तशीच आहेत. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरला जातो, त्यामुळे बाई आजारी पडली तर दोघांचा खाडा आणि वर दंड. पहाटे अंधारात फडात जायचं, पाणी नाही, आडोसा नाही, पाळीत कापड बदलायला जागा नाही. ओटीपोटात दुखतं त्याला औषध घ्यायचं तर दिवस मोडतो. पिशवीच काढली की पाळीही गेली आणि खाडाही गेला, असा हिशोब बाईच्या गळी उतरवणारे मुकादमापासून दवाखान्यापर्यंत सगळे आहेत.

आणि हे दुखणं काही आजचं नाही. राणी आणि अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांत 650 बायकांची तपासणी केली आणि 1989 साली ती 'लॅन्सेट'मध्ये छापून आली. 92 टक्के बायकांना स्त्रीरोग निघाले, आणि त्याआधी कधीतरी तशी तपासणी झालेल्या बायका होत्या फक्त 8 टक्के. तोवर खेड्यातल्या बाईचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंब नियोजन, एवढंच धोरण करणाऱ्यांना दिसत होतं. पैसाही तिकडेच जात होता.

आता देणगीदारांकडे वळते. आमच्यापैकी कित्येकींना आठवत असेल, आपल्या चळवळीत एके काळी 'पैसा घ्यावा का' यावरच रात्ररात्र वाद व्हायचे. मी न घेणाऱ्यांतली होते. वर्गणी, दिवाळी अंकाच्या जाहिराती, मैत्रिणींचे पगार यांवर आम्ही वर्षं काढली. अजूनही मला वाटतं की मोर्चा देणगीवर निघू नये. पण आरोग्याचं काम वर्गणीवर होत नाही, हे मी आता कबूल करते. औषधं, तपासणी, गावात राहून काम करणारी पगारी कार्यकर्ती याला पैसा लागतोच. म्हणून घ्यावा का, हा वाद मी बाजूला ठेवला आहे. कुठल्या अटींवर घ्यावा, यावर मात्र भांडायला हवं.

पहिली गोष्ट वेळेची. 2013 च्या कंपनी कायद्यानं मोठ्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करणं बंधनकारक झालं. त्या नियमांत 'चालू प्रकल्प' धरला जातो तो सुरुवातीचं वर्ष सोडून जास्तीत जास्त तीन वर्षांचा. प्रत्यक्षात बरेच जण एकेका वर्षाचाच करार करतात. गावातली बाई अंगावरून जाण्याबद्दल मोकळेपणी बोलायलाच एक हंगाम घेते! जामखेडला आरोळे दांपत्यानं 1970 साली काम सुरू केलं आणि गावातल्याच, पुष्कळदा निरक्षर, दलित बायकांना आरोग्य कार्यकर्त्या म्हणून उभं केलं. ते काम पुरस्कारांपर्यंत पोचायलाही बरीच वर्षं गेली. गडचिरोलीत 'सर्च' 1986 ला सुरू झाली, घरच्या घरी नवजात बाळाची काळजी घेऊन बालमृत्यू कमी होतात हे 1999 ला छापून आलं आणि 2011 ला सरकारनं ते आशांमार्फत देशभर घेतलं. पंचवीस वर्षं. यातली पहिली पाच वर्षं 'लाभार्थी संख्या' विचारली असती तर काय सांगणार होते?

दुसरी गोष्ट जागेची. कायदा सांगतो की कंपनीनं आपल्या स्थानिक भागाला प्राधान्य द्यावं. ऐकायला बरं वाटतं. पण कारखाने, कार्यालयं आधीच जिथे आहेत तिथेच मग दवाखानेही होतात. आमच्या बायका तर कुणाच्याच 'स्थानिक' नाहीत. सहा महिने बीडमध्ये, जिथे कंपन्याच फारशा नाहीत. सहा महिने फडावर, जिथे त्या परक्या. साखर कारखाना म्हणतो, मजूर मुकादमाचे. सहकारी कारखान्याला तर हा दोन टक्क्यांचा कायदा लागूच नाही, कारण तो कंपनी नाही. ज्या देणगीदाराला खरोखर विषमता कमी करायची आहे, त्यानं गाव धरून पैसा न देता बाई धरून द्यावा. ती जिथे जाईल तिथे तिची कागदपत्रं, औषधं आणि ओळखीची कार्यकर्ती जावी. टोळीमागे एक कार्यकर्ती, आणि शक्यतो टोळीतलीच. बीडची नोंद सांगलीच्या दवाखान्यात चालली पाहिजे.

तिसरी गोष्ट जास्त अवघड आहे. समांतर दवाखाना काढायला पैसे मिळतात, फिरती गाडी घ्यायला मिळतात, गाडीवर नाव रंगवता येतं. पण ग्रामीण रुग्णालयात स्त्रीरोगतज्ज्ञाची जागा रिकामी का, हे विचारायला दर महिन्याला जिल्हा शल्यचिकित्सकांच्या दारात बसणाऱ्या बाईला पैसे मिळत नाहीत. "आम्हाला सेवा हवी, आंदोलन नको," असं आम्हाला तोंडावर सांगितलं गेलं आहे. महाराष्ट्रात 2007 पासून राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाखाली लोकाधारित देखरेख सुरू झाली, जनसुनवाया झाल्या, गावच्या बायकांनी माइकवर उभं राहून डॉक्टरांना जाब विचारला. तो पैसा सरकारी होता! सरकार आपल्यावरच्या टीकेला पैसे देऊ शकतं, तर खासगी ट्रस्टला कसली भीती? ज्या बाईला खासगीत पाठवावं लागलं नाही, तिचा फोटो निघत नाही, एवढीच अडचण दिसते.

आणि ठरवणार कोण? गेट्स फाउंडेशनच्या पैशातून 'पाथ' या संस्थेनं 2009-10 मध्ये तेव्हाच्या आंध्रातल्या खम्मम आणि गुजरातेतल्या वडोदरा जिल्ह्यांत 10 ते 14 वर्षांच्या हजारो मुलींना गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची लस प्रायोगिक प्रकल्पात टोचली. बऱ्याच मुली आदिवासी वसतिगृहांतल्या होत्या, आणि संमतीपत्रांवर सह्या वसतिगृहाच्या अधीक्षकांच्या. काही मुलींचे मृत्यू झाले, ते लशीमुळे नव्हेत असं चौकशीत म्हटलं गेलं. पण महिला आणि आरोग्य संघटनांनी आवाज उठवल्यावर एप्रिल 2010 मध्ये प्रकल्प थांबवावा लागला आणि 2013 साली संसदेच्या स्थायी समितीनं त्यावर कडक ताशेरे ओढले. लस वाईट, असं मी म्हणत नाही. आमच्या मुलींनाही ती मिळावी. पण नेट-एन इंजेक्शनच्या वेळेपासून आपण हेच सांगत आलो की बाईला सांगून, विचारून, नाही म्हणायची सोय ठेवून करा. हेतू चांगला असला म्हणून विचारायचं राहून जातं, आणि पैसा मोठा असला की विचारायला कुणी धजत नाही.

एक अडचण देणगीदारांच्याही हातात नाही, ती नोंदवून ठेवते. 2020 च्या दुरुस्तीनं परदेशी देणगी एका संस्थेला दुसरीकडे देता येत नाही, आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा 50 टक्क्यांवरून 20 वर आली. पूर्वी मोठी संस्था पैसा आणायची आणि आमच्यासारख्या गिरणीवरच्या संस्थांना थोडा थोडा द्यायची. ती वाट बंद झाली. देशातल्या ट्रस्टांवर अशी बंदी नाही. मग त्यांनी तरी लहान गटांसाठी दार उघडं ठेवावं, इंग्रजी अर्जाची आणि लेखापरीक्षकाच्या थप्पीची अट शिथिल करावी. आमच्या गटात हिशोब चोख असतो, फक्त तो मराठीत असतो.

त्या दोन अधिकाऱ्यांना आम्ही यातलं बरंचसं सांगितलं. गिरणी चालू होती, त्यामुळे जरा ओरडूनच. एक जण लिहून घेत होता. दुसऱ्यानं विचारलं, मग आम्ही वर्षाअखेर मोजायचं काय? प्रश्न रास्त आहे. आम्ही म्हटलं, शिबिरात आलेल्या बायका मोजू नका. चिठ्ठी दिलेल्या बायकांपैकी किती जणींचं औषध पूर्ण झालं ते मोजा, किती जणींची पिशवी वाचली ते मोजा, आणि हंगामातून परत आल्यावर त्यांच्यावर दवाखान्याची उचल किती उरली ते मोजा. अर्ज आम्ही पाठवला आहे, मराठीत, पाच वर्षांचा, बॅनरचा खर्च शून्य.

उत्तर यायचं आहे. टोळ्या दिवाळीच्या सुमाराला निघतात. त्याआधी आमची बैठक आहे, आणि तिच्यात देणगीदारांपुढे ठेवायच्या अटींचा एक कागद करायचा विचार आहे. तुमच्या गटानं देणगी घेतली असेल तर कुठली अट जाचली, कुठली बदलून घेता आली, आणि कुठला पैसा परत केलात, ते दोन ओळींत का होईना, या अंकाच्या पत्त्यावर कळवा.