भाजीला ओलावा, कांद्याला वारा

शिरूर-दौंडच्या उन्हाळ्यांत सकाळीं तोडलेली मेथी सायंकाळपर्यंत मान टाकते. मग मिळेल त्या भावानें ती विकण्यावांचून शेतकऱ्यास गत्यंतर उरत नाहीं. यावर शीतगृहाचीच वाट पाहत बसणें आम्हांस शहाणपणाचें वाटत नाहीं. दिल्लीच्या भारतीय कृषि संशोधन संस्थेनें १९८० च्या दशकांत विजेवांचून चालणारा ‘शून्य ऊर्जा शीतकक्ष’ तयार केला. घराशेजारीं सावलींत विटांच्या दुहेरी भिंती, मध्यें ३ इंच फट, फटींत वाळू व वर गवताचें झांकण, एवढेंच त्याचें साहित्य. सकाळ-संध्याकाळ वाळू भिजवावी. पाणी उडून जातांना उष्णता ओढून घेतें, व भर उन्हाळ्यांत आंतील उष्णतामान बाहेरच्याहून १० ते १५ अंश सेल्सिअसनें उतरतें. आपली हवा कोरडी, म्हणूनच हा उपाय येथें विशेष लागू पडतो. पावसाळ्यांत त्याचा गुण थोडा. कांदा मात्र यांत कदापि ठेवूं नये. ओलीनें तो कुजतो. त्याची जागा हवेशीर चाळींतच.

शीतगृह होईल तेव्हां होवो. माल दोन दिवस टिकला, तर पडत्या भावास ‘नाहीं’ म्हणण्याची सोय शेतकऱ्याच्या हातीं येते. आमच्या मतें विटा-वाळूचा खर्च तेवढ्यासाठींही करण्यासारखा आहे.