जुनी मोटरसायकल रुसली तर...

जानेवारीतली सकाळ, ऑफिसची वेळ झालेली आणि वीस किका मारूनही जुनी मोटरसायकल ढिम्म! दिल्लीच्या सरोजिनी नगरसारख्या नोकरदारांच्या वस्तीत हे दृश्य नवे नाही. मग कुणी म्हणतो बॅटरी बदला, कुणी म्हणतो कार्बुरेटर खोला. पैसे खर्च होतात आणि दोष निघतो काजळी धरलेल्या प्लगचा. इंजिनाला हवे असते पेट्रोल, हवा आणि वेळेवर पडणारी ठिणगी. बिनखर्चाच्या गोष्टींपासून सुरुवात करून हे तिन्ही क्रमाने तपासावे.

आधी सोप्या गोष्टी

टाकी हलवून पेट्रोल आहे का ते पाहावे. कॉक बंद असेल तर उघडावा, गरज असल्यास रिझर्व्हवर करावा. हँडलवर इंजिन बंद करायचा स्विच असेल तर तोही पाहावा. चोककडे तर हमखास दुर्लक्ष होते. मुंबई-कोकणातून बदली होऊन आलेल्यांना त्याची सवय नसते. पण थंडीत पेट्रोलची वाफ नीट होत नाही, म्हणून दिल्लीच्या हिवाळ्यात थंड इंजिनाला चोक लागतोच. इंजिन तापले की तो बंद करावा.

प्लग काय सांगतो?

पाच-सहा किका मारूनही उपयोग झाला नाही, तर प्लग काढून पाहावा. कोरडा असेल तर पेट्रोल पोचत नाही. ओला असेल तर पेट्रोल पोचते, पण ते पेटत नाही किंवा जास्त झाले आहे. अशा वेळी कॉक व चोक बंद ठेवावा, प्लग पुसून पुन्हा बसवावा आणि अॅक्सिलरेटर पूर्ण पिळून काही किका माराव्यात. काळी काजळी बारीक पॉलिश पेपरने साफ करावी.

ठिणगी पाहण्यासाठी प्लग त्याच्या टोपीत बसवून त्याचा धातूचा भाग इंजिनाला टेकवावा आणि किक मारावी. निळसर, जोरकस ठिणगी दिसली पाहिजे. मात्र प्लगच्या भोकातून पेट्रोलची वाफ बाहेर येते. प्लग त्यापासून दूर धरावा. पेट्रोल सांडले असेल किंवा वास येत असेल तर हा प्रयोग करूच नये. ठिणगी नसेल तर आधी नवा प्लग लावून पाहावा. तो स्वस्त असतो. अनेक जुन्या १०० सीसी गाड्यांत ठिणगीची वीज मॅग्नेटोतून येते. अशी गाडी बॅटरी उतरली तरी किकने सुरू होते, म्हणून बॅटरी घेण्याची घाई नको.

पेट्रोल अडले असेल तर

टाकीचे झाकण सैल करून पाहावे. झाकणाचे बारीक छिद्र बुजले की पेट्रोल उतरत नाही. गाडी महिनोन्‌महिने उभी असेल तर कार्बुरेटरमधले जुने पेट्रोल काचेच्या बाटलीत काढावे. पाणी असेल तर ते तळाशी दिसते. आजच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि ते ओलावा धरते. जुन्या रबरी नळ्याही तपासाव्यात. एअर फिल्टर मळलेला असेल तर साफ करावा.

एवढे करूनही किक अगदी हलकी लागत असेल, तर दाब कमी झाला आहे. हे काम मेकॅनिकचेच.

खर्चाआधी कागदपत्रे

इंजिन खोलण्याइतका खर्च असेल तर दिल्लीकरांनी आधी आरसी पाहावी. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये राजधानी परिसरात १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांना मनाई केली. २०२५ मध्ये न्यायालयाचे नवे आदेश निघाले आणि गाडीच्या बीएस क्रमांकाला महत्त्व आले. आपल्या गाडीला कोणता नियम लागू आहे, हे परिवहन कार्यालयात विचारून घ्यावे. वडिलांची आठवण म्हणून जपलेली गाडी सुरू झाली, पण रस्त्यावर आणताच जप्त झाली, असे होऊ नये.