शनिवारची सुट्टी आणि शनिवार तेली

शुक्रवारी दुपारी भाचीचा फोन आला. आपल्या मराठी वर्गात ताईंनी तीन शब्द दिले होते: समाज, संस्कृती आणि सामाजिक परिवर्तन. प्रत्येकावर दहा ओळी लिहून आणायच्या होत्या. “मामा, तू बी.ए.ला समाजशास्त्र घेतलं होतंस ना? मग सांग पटकन.” पटकन सांगण्यासारखं ते नव्हतं, म्हणून हा लेख. दहा ओळी तिनं यातून स्वतःच काढाव्यात. आणि लिहायला बसलोच आहे तर वर्गाबद्दलचं माझं एक मतही सांगून टाकतो. ते सगळ्यांना आवडेलच असं नाही. वडीलधाऱ्यांनी राग मानू नये.

मी राहतो कुवेत शहरातल्या बनेद अल-गारमध्ये, समुद्राच्या बाजूला. ‘गार’ म्हणजे इथल्या बोलीत डांबर. लाकडी गलबतांच्या फटी बुजवायला ते लागायचं. आता गलबतांच्या जागी उंच इमारती आहेत. आमच्या इमारतीत मल्याळी आहेत, तेलुगू आहेत, इजिप्तचे आहेत, फिलिपिन्सचे आहेत. सकाळी लिफ्टमध्ये आम्ही खांद्याला खांदा लावून उभे असतो. तरी आम्हाला कुणी समाज म्हणणार नाही. कारण कुणाच्या लग्नाला जायचं, कुणाच्या मयताला खांदा द्यायचा, कुणी चुकलं तर त्याला कोण बोलणार, यातलं आमच्यात काहीच ठरलेलं नाही. नुसती माणसं एकत्र आली की गर्दी होते. ठरलेली नाती आली, त्यांचा आधार आणि त्यांचा जाच दोन्ही आले, की समाज होतो. भाचीबाई, पहिल्या शब्दाचं काम झालं.

आता शनिवार. कुवेतमध्ये पूर्वी गुरुवार-शुक्रवार सुट्टी असायची. 2007च्या सप्टेंबरपासून ती शुक्रवार-शनिवार झाली. जगातल्या बँका आणि बाजार यांच्याशी मेळ बसावा म्हणून सरकारनं तसं केलं. त्यामुळे सरकारी कचेऱ्या, बँका आणि माझ्यासारख्या कारकुनाचं ऑफिस, सगळं शनिवारी बंद. आपल्या घरच्या म्हाताऱ्यांना हे ऐकून फार आनंद झाला होता. “बरं झालं, शाब्बाथ पाळायला मिळतो.”

मिळतो खरा. पण मला एक गंमत दिसते. आपले पूर्वज अलिबाग, पेण, रेवदंडा, रोहा या टापूत तेलाचे घाणे चालवायचे. शनिवारी घाणा बंद. गावात त्या दिवशी तेल मागायला आलेल्याला परत पाठवावं लागे, आणि एका दिवसाची कमाई बुडे. म्हणून गावानं त्यांना ‘शनिवार तेली’ म्हटलं. शेजारी सोमवारी घाणा बंद ठेवणारे हिंदू तेली होते, ते ‘सोमवार तेली’. हे नाव आपण स्वतःला घेतलेलं नाही, ते शेजाऱ्यांनी दिलं. त्यांना आपली तोरा माहीत नव्हती, हिब्रू माहीत नव्हती. त्यांना फक्त एवढं दिसलं की हे लोक शनिवारी बैल सोडतात. त्या एका रीतीवर आपली ओळख शेकडो वर्षं टिकली.

मी मात्र शनिवारी घरी असतो, तसाच शेजारचा इजिप्शियनही घरी असतो. माझ्या शनिवारनं काही बुडत नाही आणि कुणाच्या तो लक्षातही येत नाही. दिवस तोच, पण त्याचा अर्थ बदलला. रीत ही त्या कृतीत नसते, ती आजूबाजूच्या लोकांच्या संदर्भात असते, हे मला पुस्तकातून कळलं नाही, सुट्टीच्या परिपत्रकातून कळलं. (आणि तेल्याचा वंशज पोटासाठी यावा कुठे, तर तेलाच्याच देशात! असो.)

आता संस्कृती. आपल्या वर्गात हा शब्द आला की ‘जुनं जपणं’ असा अर्थ होतो. मला तो अर्धवट वाटतो. आपलं जुनं नीट उलगडून बघा. आपल्या आज्या-पणज्या सणांना काय म्हणायच्या? रोश हशाना म्हणजे नव्याचा सण. त्यानंतर खिरीचा सण. मंदिर उद्ध्वस्त झालं त्या दुःखाच्या दिवसाचा उपवास म्हणजे बिरड्याचा रोजा. आता ‘रोजा’ हा शब्द शेजारच्या मुसलमानांचा, बिरडं कोकणातल्या वालाचं, आणि दुःख यरुशलेमचं. तिन्ही मिळून दोन शब्दांचं एक नाव, आणि ते पूर्णपणे आपलं. 1796 साली सामाजी हसाजी दिवेकरांनी मुंबईत आपलं पहिलं प्रार्थनालय बांधलं, त्याला आपले लोक ‘मशीद’ म्हणत. मलिद्याचं ताट घ्या. पोहे कोकणचे, नारळ कोकणचा, ‘मलिदा’ हे नाव फारसी वळणाचं, आणि ज्याच्या नावानं ताट भरायचं तो एलियाहू हनाबी तनाखमधला. त्याच्या रथाच्या खुणा मात्र आपण अलिबागजवळ खंडाळ्याच्या खडकावर दाखवतो. 1880च्या सुमारास मुंबईत आपल्या मंडळींनी हरिदासांच्या कीर्तनाचा साचा उचलला आणि योसेफ, मोशे यांची आख्यानं मराठीत लावली. त्या वेळीही कुणीतरी नाक मुरडलं असणारच.

उलट दिशेनंही असंच होतं. आमच्या खालच्या बकाल्यात, म्हणजे कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात, ‘अंबा’ नावाच्या पिवळ्या लोणच्याची बाटली मिळते. कैरी, हळद, मेथी. हा आपलाच मराठी ‘आंबा’. मुंबईतून बगदाद-बसऱ्याकडे व्यापार करणाऱ्यांबरोबर तो तिकडे गेला, त्यात बगदादी यहुदी व्यापारीही होते. इराकमधून येऊन इस्राएलमध्ये वसलेल्या यहुद्यांनी पुढे तो तिकडे नेला. आज तिथे फलाफलवर तो ओततात, आणि तो मराठी शब्द आहे हे ओतणाऱ्याला ठाऊक नसतं. इथले कुवेती लोक पंख्याला ‘बनका’, जोड्याला ‘जूती’ आणि सरळ जा म्हणायला ‘सीदा’ म्हणतात. 1961 साली दिनार येईपर्यंत इथल्या बाजारात रुपयाच चालायचा आणि इथले मोती मुंबईत विकले जायचे, मग शब्द मागे कसे राहतील? समाजशास्त्रात याला संस्कृतीचं प्रसरण म्हणतात. परीक्षेत लिहायला शब्द चांगला आहे. मला त्यापेक्षा लोणच्याची बाटली जास्त पटते.

तर घेतलं, दिलं, मिसळलं, यात लाजण्यासारखं काही नाही. पण मग जे जे मिसळलं ते सगळंच वारसा म्हणून डोक्यावर घ्यायचं का? इथे माझं वर्गाशी भांडण आहे.

आपण मुलांना मलिदा शिकवतो, घाण्याचं चित्र काढायला लावतो, आडनावांचा खेळ खेळतो: पेणकर, नवगावकर, केहिमकर, कोणाचं गाव कुठलं. छान आहे. पण ‘गोरा इस्राएल’ आणि ‘काळा इस्राएल’ हे शब्द वर्गात कधी उच्चारले जात नाहीत. मोठ्यांना ते माहीत आहेत. रंगाशी त्यांचा संबंध नव्हता. ज्यांच्या घराण्यात कधीकाळी परधर्मी बाई आली असं मानलं जाई, त्यांना काळा म्हणायचं आणि त्यांच्याशी बेटीव्यवहार टाळायचा. तोराच्या कुठल्या पानावर हे होतं? कुठल्याच नाही. आपण जातींच्या गावात राहत होतो, पोह्यांसारखी जातही उचलली. समाजशास्त्राच्या पुस्तकात स्तरीकरण या प्रकरणात हे बसतं. आपण मात्र ते पुस्तकाबाहेर ठेवलंय.

पुढे काय झालं ते जोडून पाहा. आपले लोक इस्राएलला गेले. 1960 नंतरच्या वर्षांत तिथल्या रब्बींनी आपल्यातल्यांची लग्नं लावताना घराण्याची चौकशी करायचा नियम काढला. यांची आई यहुदी होती का, आजी होती का, पुरावा काय. आपले लोक रस्त्यावर उतरले, यरुशलेममध्ये धरणं धरलं, आणि 1964 साली तिथल्या संसदेनं आपण सर्व बाबतींत पूर्ण यहुदी आहोत असं ठणकावून सांगितलं. ही कथा आपण अभिमानानं सांगतो, सांगावीच. पण ‘तुमची आजी कोण होती’ हा प्रश्न कोकणात आपणच आपल्या शेजारच्या घराला विचारत होतो, हा भाग गाळून सांगतो. सोळा वर्षांच्या मुलीला दोन्ही भाग एकत्र सांगितले तर तिला सामाजिक परिवर्तन म्हणजे काय ते व्याख्येवाचून कळेल. ते आपोआप झालं नाही. मुंबई वाढली, घाणे बंद पडले, पलटणीत, रेल्वेत आणि कचेऱ्यांत नोकऱ्या मिळाल्या, मुली शिकल्या, गावाची नजर सुटली, आणि मग कुणीतरी घरच्यांचं न ऐकता लग्न केलं. त्यातली काही लग्नं आपल्या जवळच्या घरांत झालेली आहेत. नावं मी लिहीत नाही.

विल्यम ऑगबर्न नावाच्या अमेरिकी समाजशास्त्रज्ञानं 1922 साली एक मुद्दा मांडला. वस्तू आणि परिस्थिती भराभर बदलतात, नियम आणि मनं मागून येतात. मधल्या अंतराला मराठी पुस्तकांत सांस्कृतिक पश्चायन म्हणतात. आपल्याला याचं उदाहरण लांब शोधायला नको. इंग्रज गेले तेव्हा भारतात आपण वीस हजारांच्या आसपास होतो. आज भारतातले सगळे यहुदी मिळूनही जेमतेम काही हजार आहेत. कोकणातल्या कित्येक प्रार्थनालयांत दिवा आहे, झाडलोट आहे, पण मिन्यानला दहा पुरुष जमवायला सणाची वाट पाहावी लागते. नियम दहाचा, माणसं पाच. यात काय करावं हे सांगायचा अधिकार माझा नाही. पण निदान वर्गात मुलींनी हा प्रश्न विचारला तर “असं विचारू नये” हे उत्तर देऊ नका.

दुसरी गोष्ट भाषेची. काही पालकांचं म्हणणं आहे की मराठी कशाला, हिब्रू आणि इंग्रजी पुरे. माझ्या मते हे चूक आहे. पण त्याला उत्तर म्हणून “मराठी आपली मायबोली” एवढंच म्हणून चालत नाही. खरं उत्तर असं आहे की बिरड्याचा रोजा हिब्रूत सांगता येत नाही. आपण जे झालो ते मराठीत झालो. 1874 साली पुण्यात पेसाहची हगादा हिब्रूबरोबर मराठीत छापली गेली, कारण ज्यांच्यासाठी ती होती त्यांना मिस्रातून सुटका मराठीत कळत होती. इस्राएलला गेलेल्यांनीही तिथे ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिक काढलं. 

आणि मोठ्यांनो, मुलांच्या मराठीला हसू नका. गेल्या महिन्यात व्हिडिओवर भाची म्हणाली, “आजी, मी पोहे धुतली.” पाच जण एकदम हसले. तिनं पुढचं वाक्य इंग्रजीत बोललं, आणि तिथून शेवटपर्यंत इंग्रजीतच. आपल्या पणजोबांचं मराठीही मुंबईच्या शिकलेल्या लोकांना गावंढळच वाटत असणार. ते बोलत राहिले म्हणून आपल्यापर्यंत पोहोचलं.

पुढच्या वर्गाआधी प्रत्येक घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला दोन गोष्टी विचारून याव्यात असं मी ताईंना सुचवतो. एक, तुमच्या लहानपणी शनिवारी घरात काय बंद असायचं? दोन, कोणाच्या घरी जेवायला जायचं नाही असं तुम्हाला सांगितलं होतं? पहिल्याचं उत्तर सगळे देतील. दुसऱ्याला थोडा वेळ द्यावा लागेल, चहा वगैरे करून. माझ्या आईनं मला ते तिच्या ऐंशीव्या वर्षी सांगितलं, आणि त्या घरातली मुलगी पुढे आमची मामी झाली.

भाचीचा परवा परत फोन आला. दहा ओळींच्या चौदा झाल्यात आणि एक प्रश्न उरलाय: “मामा, आपल्याला शनिवार तेली म्हणायचे, मग ज्यांनी तसं म्हटलं त्यांना आपण काय म्हणायचो?” मला आठवेना. कुणाला माहीत असेल तर वर्गात जरूर सांगा.