सुपारी देणाऱ्यांची अब्रू

गुढीपाडव्याच्या सुमारास नारायणगावात तमाशाफडांच्या राहुट्या लागतात. जुन्नर-आंबेगावच्या गावोगावचे यात्रा कमिटीवाले तेथे येतात, घासाघीस करतात आणि सुपारी देऊन जातात. या मंडळींत गावकारभारी असतात, घरंदाज कुटुंबप्रमुख असतात. राहुटीत बसल्याने त्यांच्या अब्रूला कधी धक्का लागत नाही. अब्रू जाते ती फडात नाचणाऱ्या बाईची! हा न्याय कोणत्या नीतिशास्त्रातला, असा आमचा रोखठोक सवाल आहे.

याच नारायणगावचे नाव विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांनी महाराष्ट्रभर नेले. १९३५ साली तमासगीर घराण्यात जन्मलेली ही मुलगी लहानपणीच बोर्डावर उभी राहिली आणि पुढे स्वतःच्या नावाचा फड चालवू लागली. नाचणारी बाई मालकीण झाली म्हणजे सुटली, असे मात्र कोणी समजू नये. हंगामाआधी कर्ज काढून कलावंतांना उचल द्यायची ती मालकाने; गाड्या, तंबू आणि सगळ्या बिऱ्हाडाच्या भाकरीचा भार वाहायचा तोही मालकानेच. खेळ बुडाला म्हणून सावकार व्याज सोडत नाही.

विठाबाईंची एक कथा कौतुकाने सांगितली जाते. दिवस भरलेले असताना त्या नाचत होत्या. कळा आल्या तशा पडद्यामागे गेल्या, बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा बोर्डावर आल्या. प्रेक्षकांना हे कळले तेव्हा त्यांनी हात जोडून खेळ थांबवायला लावला, असे सांगतात. या कथेत धैर्य आहे यात शंका नाही. परंतु दिवस भरलेल्या बाईला बोर्डावर उभे राहावे का लागले, हे विचारण्याचे आपण शिताफीने टाळतो. त्या प्रेक्षकांना निदान लाज तरी वाटली. आपण मात्र केवळ टाळ्या वाजवतो.

कोणी म्हणेल, तमाशात अश्लीलता नाही काय? आहे, आम्ही तिचे समर्थन करीत नाही. स्वातंत्र्यानंतर बाळासाहेब खेरांच्या सरकारने याच कारणासाठी तमाशावर बंदीही घातली होती. पण फर्माईश कोणाची? दौलतजादा कोणाचा? विकणारीला पाप लागते आणि विकत घेणारा सोवळाच राहतो, ही नीती नव्हे, सोय आहे. या सोयीला आम्ही उपदेशकांनीही हातभार लावला. शीलाचे धडे आम्ही बायकांना दिले. पुढच्या रांगेत बसणाऱ्या पुरुषांना क्वचितच.

विठाबाईंना १९५७ आणि १९९० साली राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव लाभला. तरीही अखेरचे दिवस हलाखीतच गेले. १५ जानेवारी २००२ रोजी त्या वारल्या, तेव्हा रुग्णालयाचे बिल देणगीदारांच्या पैशांतून भागवावे लागले. पुढे २००६ साली शासनाने त्यांच्या नावे जीवनगौरव पुरस्कार सुरू केला. ज्या बाईचे औषधपाणी आपल्याला जड गेले, तिच्या नावाची शाल दुसऱ्याच्या खांद्यावर घालणे आपल्याला सोपे गेले!

पुरस्कार जरूर द्यावेत. परंतु त्याआधी यात्रा कमिटीने ठरलेली बिदागी पुरती मोजावी, गरोदर बाईला बोर्डावर उभे करू नये, बोर्डासमोर शिट्टी मारणाऱ्या स्वतःच्या मुलाचा कान धरावा. फडातल्या पोरांची शाळा आणि म्हाताऱ्या कलावंतांचे औषध हा उपकार नव्हे. ती देणेकऱ्याची थकबाकी आहे. आणि देणेकरी आपण आहोत.