कौल नव्हे, विवेक

मुलीचे स्थळ असो, मुलाची नोकरी असो वा विश्रामबागेतील जागेचा व्यवहार. निर्णयाची वेळ आली की आपल्यातील काही भाविक डोळे मिटून बायबल उघडतात आणि बोट पडेल ते वचन परमेश्वराचा आदेश मानतात. याला श्रद्धा म्हणावे काय? ही तर कौल लावण्याचीच रीत!

मत्थियाची निवड चिठ्ठ्या टाकूनच झाली, असे कोणी म्हणेल. खरे आहे; पण ती पेन्टेकॉस्टपूर्वीची गोष्ट. पवित्र आत्मा उतरल्यावर ‘प्रेषितांची कृत्ये’ या ग्रंथात पुन्हा चिठ्ठी दिसत नाही. जेरुसलेमच्या सभेत (अध्याय १५) वाद झाला, अनुभव ऐकले गेले, मगच निर्णय झाला. आणि तो पवित्र आत्म्याचाही असल्याचे प्रेषितांनी निःसंकोचपणे लिहिले.

२०१९ च्या ऑगस्टात सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली. त्या घडीला पाणीपातळीकडे पाठ फिरवून निराळे चिन्ह मागणे म्हणजे देवाने दिलेले डोळेच नाकारणे होय.

प्रार्थना अवश्य करावी. मात्र बुद्धीला रजा देण्यासाठी नव्हे, तर भीती व स्वार्थ यांपासून तिला मोकळे करण्यासाठी. कौलावर निर्णय सोपवणारा अपयशाचा दोषही परमेश्वराच्याच माथी मारतो. ही भक्ती नव्हे, जबाबदारीतून काढलेली पळवाट आहे.