टाकी कंपनीच्या दारात, शेतकरी पंपाच्या दारात



लावणीच्या दिवसांत विंझरच्या खाचरात पॉवर टिलर थांबला तर काय होते, हे आम्हाला कुणी शिकवू नये. चिखलणीची लोखंडी चाके लावलेली, रोपांच्या मुठी बांधून तयार, बायामाणसे बांधावर बसून, आणि डिझेल संपलेले. कॅन घेऊन पंपावर जावे तर उत्तर मिळते, 'कॅनमध्ये देत नाही, गाडी आणा.' गाडी म्हणजे टिलर! ती लोखंडी चाके डांबरी रस्त्यावर चालवत न्यायची काय?

नियम आहे, असे सांगतात. मग नियम वाचूच. १९३४ च्या पेट्रोलियम कायद्याचे कलम ७ सांगते की डिझेलसारखे 'ब' वर्गातले इंधन एका ठिकाणी २,५०० लिटरपर्यंत बाळगायला परवाना लागत नाही. एका भांड्यात १,००० लिटरपेक्षा जास्त नसावे, एवढेच. इंग्रजाने दिलेली मोकळीक स्वराज्यात पंपावरचा पोऱ्या काढून घेतो. पेट्रोलची गोष्ट वेगळी, ते भडकते. आम्ही मागतो ते डिझेल.

आणि गाडीवरून इंधन घरपोच देता येत नाही, असेही नाही. मार्च २०१८ मध्ये इंडियन ऑइलने टाकी आणि मीटर बसवलेली डिझेलची गाडी देशात प्रथम सुरू केली ती आपल्याच पुण्यात. किमान मागणी २०० लिटर! कारखान्याला, मॉलच्या जनरेटरला ठीक. दोन खाचरांच्या धन्याने २०० लिटर कशात साठवायचे आणि पैसा कुठून आणायचा? १९ ऑक्टोबर २०१४ ला डिझेलचा भाव खुला झाला. खुल्या बाजाराला आमची ना नाही, आम्ही तर तोच मागतो. पण भाव तेवढा बाजाराचा आणि पोहोच परवान्याची, हा कुठला खुलेपणा?

टँकरच्या ड्रायव्हरला यात दोष देऊ नका. पूर्वी ट्रकवर पिंपे लादून रॉकेल गावात यायचे, ड्रायव्हर ओळखीचा असायचा. आता टँकरला कुलपे, जीपीएस, वाटेत थांबला तर जाब. भेसळीच्या टोळीने २५ जानेवारी २०११ ला मनमाडजवळ अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनावणे यांना जाळून मारले. तेव्हा कुलपे हवीतच. पण टोळी राहते बाजूला आणि संशय राहतो स्टिअरिंगवरच्या माणसावर. जानेवारी २०२४ मध्ये अपघाताच्या नव्या कलमात दहा वर्षांची कैद दिसली, तेव्हा ड्रायव्हरांनी टँकर उभे केले आणि दोन दिवसांत पंपांवर रांगा लागल्या. सरकारने ते कलम आजवर लागू केलेले नाही. एकी काय करते, ते यातून घ्या.

जिल्हा बैठकीत आमचे दोन ठराव येतील. धातूच्या बंद कॅनमध्ये शेतकऱ्याला डिझेल नाकारू नये, आणि नाकारल्यास कारण लेखी द्यावे. दुसरा: फिरत्या टाकीची २०० लिटरची मागणी एकेकट्याची न धरता गावाची धरावी, म्हणजे विंझर, मार्गासनीच्या दहा टिलरवाल्यांना मिळून गाडी बोलावता येईल. बैठकीला येताना रिकामे कॅन घेऊन या.